डाव्या पायाचा दाब

सँडल घ्यायची तर दुपारी चारनंतर, हा शिवगोंडा मगदूमचा जुना नेम. सकाळी पाय बारीक असतो. उन्हात पायडल मारून तो फुगतो, आणि त्या फुगलेल्या पायाला जी सोसते तीच लांबच्या फेरीला चालते. म्हणून एकाहत्तराव्या वर्षीही तो आधी पंचवीस किलोमीटर फिरून, घामाघूम होऊन इचलकरंजीच्या त्या दुकानात आला होता.

दुकानात सँडलचा एकही जोड मांडलेला नव्हता. एका काचेवर पाय ठेवायचा, यंत्र माप घेई आणि तळ तिथंच विणून देई. त्याला स्मृतितळ म्हणत. केसाहून बारीक दोऱ्यांचा तो तळ, ज्या जागी पायाचा दाब येई ती जागा लक्षात ठेवी, आणि पुढच्या वेळी पायडल वर यायच्या आत तिथं आपणहून ताठ होई. चढावर गुडघ्याचं निम्मं ओझं तोच उचली. शिवगोंडानं चाळीस वर्षं मागावर जॉबरचं, माग लावण्या-दुरुस्तीचं काम केलेलं. दुकानाची मालकीण ऋजुता बिरनाळे हे पहिल्यांदा समजावत होती तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे ताणा-बाणाच की. फक्त सुताला डोकं आलंय."

आज त्याची आठ वर्षं वापरलेली सँडल तिच्या हातात होती. पट्टे तुटले होते, टाच झिजून तिरकी झाली होती.

"आण्णा, जुन्या तळातली आठवण नव्यात उतरवू, का कोरा तळ देऊ?"

"उतरव की. आठ वर्षं खाल्लीत तिनं माझा पाय शिकायला."

सँडल यंत्रात गेली. ऋजुतानं पडद्याकडं पाहिलं, पुसून पुन्हा पाहिलं. "यात गोंधळ आहे. एकाच डाव्या तळात दोन दाब दिसतायत. एक अंगठ्याकडून, एक करंगळीकडून. ही आणखी कुणी घालत होतं?"

शिवगोंडा खुर्चीत टेकला. "हुश्या," तो म्हणाला.

हुसेन मुजावर. शेजारच्या मागावरचा. दोघांचा पाय आठ नंबरचा. कारखान्याला सुटी लागली की दोघं सायकली काढायचे. जोतिबा, पन्हाळा, पुढं गोकाक, विजापूर. एकदा भर उन्हात हुसेनच्या टाचेला फोड आला, तेव्हा दोघांनी सँडल बदलल्या आणि दोघांनाही बरं वाटलं. दिवसभर एकाच पट्ट्याखाली तीच जागा घासते, जोड बदलला की घासणारी जागा बदलते. तेव्हापासून दर थांब्यावर चहा यायच्या आत सँडल बदलायची रीत पडली. स्मृतितळाच्या सँडलही दोघांनी एकाच दिवशी घेतल्या आणि पहिल्याच थांब्यावर बदलल्या. कुणाची कुठली, हे महिन्याभरात दोघंही विसरले. तळाला एकच पाय ओळखायला लावायचं असतं, त्यात अदलाबदल करायची नसते, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

हुसेनच्या डाव्या पायाचा अंगठा तरुणपणी सुताच्या जड बीमखाली गेला होता. त्यामुळं तो करंगळीच्या कडेनं पायडल दाबायचा. गेल्या वर्षी हुसेन गेला, तेव्हापासून शिवगोंडानं हा जोड पायात घातला नव्हता. हुसेनचा जोड त्याआधीच झिजून टाकून दिलेला. आणि कन्याकुमारीची फेरी, जी दोघं वीस वर्षं पुढच्या हिवाळ्यावर ढकलत आले होते, ती राहिली. आता शिवगोंडा एकटाच त्या फेरीला निघणार होता, त्यासाठीच हा नवा जोड.

"मी ती दुसऱ्या दाबाची बाधा काढून टाकते," ऋजुता म्हणाली. "एवढ्या लांब चाललाय, पायाला त्रास नको."

"बाधा म्हणू नकोस त्याला."

मग तिनं आठवण जशीच्या तशी नव्या तळात उतरवली आणि त्याला दुकानातल्या जागेवरच फिरणाऱ्या सायकलीवर बसवलं. तिनं चढ लावला. तिसऱ्या फेऱ्याला डाव्या पायाखाली, करंगळीच्या कडेला काहीतरी घट्ट झालं आणि पायडल खाली ढकललं गेलं. शिवगोंडानं हँडल धरून मान खाली घातली. बराच वेळ तो पायडल मारत राहिला.

"हे असंच राहील का?" त्यानं विचारलं.

"नाही. तळ शिकतच राहतो. आता फक्त तुमचाच पाय आत असणार. सहाशे-सातशे किलोमीटरांत त्यांचा दाब निघून जाईल."

"आणि शिकणं बंद केलं तर?"

"तर आठवण राहील, पण तळ लाकडासारखा होईल. दोन दिवसांत पाय सोलून निघतील. नाहीतर घालूच नका. खोक्यात ठेवा, काही पुसणार नाही."

खोकं घरी आलं आणि चार दिवस कपाटावर राहिलं. पाचव्या दिवशी तो ते घेऊन हुसेनच्या घरी गेला. जुबेदाभाभी अंगणात सांडगे उलटत होत्या. त्यानं सगळं सांगितलं. भाभींनी सँडल हातात घेतली, तळावरून बोट फिरवलं.

"आणि हे तुम्ही खोक्यात ठेवणार?"

"मग काय करू? फिरलो की पुसलं जातंय."

"अहो, हा माणूस दोन दिवस घरात बसला की माझ्याशी भांडण उकरून काढायचा. अंघोळीच्या पाण्यावरनं. जरा बाहेर न्या की त्याला." त्या हसल्या, मग पदरानं डोळे पुसून पुन्हा सांडग्यांकडं वळल्या.

मार्गशीर्षात तो निघाला. आंबोलीचा घाट उतरून किनाऱ्याला लागला. पहिले काही दिवस प्रत्येक चढावर डावी कड घट्ट व्हायची आणि शिवगोंडा मनातल्या मनात बोलायचा. दम धर हुश्या, समोर ट्रक आहे. कारवार गेलं, होन्नावरचा पूल गेला. ऋजुता दर दोन दिवसांनी दुकानातून तळाची नोंद वाचून फोनवर सांगायची. दोन दाबांतला फरक निम्मा उरलाय. पाव उरलाय. उडुपीपाशी त्यानं एक दिवस मुद्दाम मुक्काम वाढवला आणि सायकलला हात लावला नाही. पण लॉजच्या खोलीत बसवेना. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच निघाला.

कासारगोड ओलांडल्यावर फोन आला.

"आण्णा, सकाळी दोनदा तपासलं. आता तळात एकच दाब दिसतोय, तुम्ही एकटेच आहात." तिनं विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"वाटतंय," तो म्हणाला.

पुढं नारळीच्या बागांतून एक चढ होता, लहानच. त्यानं गिअर हलका केला. तिसऱ्या फेऱ्याला डाव्या पायाखाली करंगळीची कड घट्ट झाली आणि पायडल खाली गेलं. पुन्हा गेलं. चढ संपेपर्यंत जातच राहिलं.

तो वर येऊन थांबला. सँडल काढली, बाजूला ठेवली आणि अनवाणी पायानं पायडल दाबून पाहिलं. अंगठा वर उचलला जात होता. दाब करंगळीवरच येत होता.

त्यानं फोन लावला.

"ऋजुता, तळ पाय शिकतो, एवढंच सांगितलंस तू मला."

"हो. मग?"

"आणि पाय काय शिकतो, ते कुठं बघायचं?"