फळ्यांच्या भिंतीपलीकडे

तिनं काउंटरवर ठेवलेला चष्मा तिचा नाही, हे चष्मेवाल्यानं पाहताक्षणी ओळखलं. फ्रेम रुंद, काळी, पुरुषी. आणि डाव्या काडीच्या टोकावर दातांच्या खुणा.

तिचं नेहमीचं दुकान त्या दिवशी बंद निघालं होतं. बाहेर भुरभुर पाऊस, हातात रुमालात गुंडाळलेला चष्मा. समोर दिसलं त्या दुकानात ती शिरली होती. तीही अशी, जणू चोरीचा माल खपवायला आलीय.

"ह्यात माझा नंबर बसवून हवाय."

"बसवतो. पण ही फ्रेम तुमच्या चेहऱ्याची नाही. घसरेल."

"घसरू दे."

"वाचायचं काम असेल तर—"

"दिवसभर वाचते. छापखान्यात प्रुफं तपासते मी."

"मग दिवसभर घसरेल."

"तुम्हाला गिऱ्हाईक नकोय का?"

तो हसला. तिशी ओलांडलेला, बाह्या दुमडलेला, कानामागे पेन्सिल खोचून विसरलेला माणूस. काडीवरच्या खुणांवर त्यानं अंगठा फिरवला. "आणि ही चावायची सवय कुणाची?"

"बाबांची," ती म्हणाली. मग, कुणी विचारलं नसताना, "...होती."

त्यानंतर त्यानं एकही विनोद केला नाही. लेकराचं तोंड पुसावं तसा त्यानं तो चष्मा मऊ फडक्यानं पुसला, आणि म्हणाला, "काडीला पॉलिश करणार नाही. खुणा जातील."

तेवढ्या एका वाक्यानं ती दुसऱ्यांदा त्या दुकानात गेली.

चष्मा घसरलाच. आठवड्यानं ती परत आली, पुन्हा पंधरा दिवसांनी. तो दोन्ही हात तिच्या कानांमागे नेऊन काड्यांचा बाक चाचपायचा. "हलू नका हं." बोटं गार असायची, आणि तिचे कान मात्र तापायचे. चौथ्या वेळी चष्मा काही घसरत नव्हता. ती तशीच आली. त्यानंही विचारलं नाही. धड असलेली काडी गंभीरपणे वाकवली, पुन्हा सरळ केली, आणि "आता बघा," म्हणाला.

घरी आई म्हणाली, "एवढ्या फेऱ्यांत माणूस दुर्बीण घडवेल गं."

'तुम्ही'चं 'तू' झालं. आठ महिन्यांनी, दुकान आवरता आवरता, अक्षरांच्या तक्त्यापुढे उभं राहून त्यानं विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?"

दुसरी कुणी असती तर लाजली असती. हिला बाबा आठवले.

बाबा गेले ते एका दुपारी. जेवून आरामखुर्चीत बसले, पुस्तक छातीवर पालथं पडलं, डोळे मिटले. ती शेजारच्या खोलीत प्रुफं तपासत होती. एकदा डोकावली. रोज बाबांना झोप लागली की ती हलकेच त्यांचा चष्मा काढून ठेवायची. त्या दिवशी वाटलं, नको, जाग येईल... नुसता पडदा ओढला. मग दोन तास ती पावलं न वाजवता घरभर वावरली. दूधवाल्याला दारातच हातानं "हळू" म्हणाली. आणि चहा घेऊन गेली, तेव्हा...

हे तिनं चष्मेवाल्याला एकदा सांगितलं होतं. दोन वाक्यांत, चष्म्याच्या काचा पुसत. पण एक गोष्ट सांगितली नव्हती. त्या दिवसापासून शांतता तिला सहन व्हायची नाही. आई अंघोळीला गेली आणि पाण्याचा आवाज थांबला, तरी ती दारापाशी जाऊन उभी राहायची. एका माणसासाठी जीव असा टांगणीला लागलेला. आणि 'हो' म्हटलं, की हा दुसरा. आपलं म्हटलेलं माणूस जातं. ते गेलं की आपण शेजारच्या खोलीत असतो... हे पुन्हा? नको. बाई गं, नको.

"मला थोडा वेळ दे," ती म्हणाली. थोड्याचे दोन महिने झाले.

मग तोच एके दिवशी बसची तिकिटं घेऊन आला. "चार दिवस. लहान लहान गावं, शेतं, नदी. खोल्या दोन. काहीही करायचं नाही, नुसतं फिरायचं. परत येताना बसमध्ये उत्तर दे. नाही म्हणालीस तरी चष्मा नीट करून देत राहीन."

"आई एकटी राहील."

"जा गं बाई," आई आतून ओरडली. "मी काही कुठं पळून जात नाही!"

तेवढ्यानंही ती आत जाऊन आईला बघून आली.

बस घाटात शिरली की ती पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरायची. प्रत्येक थांब्यावर आईला फोन. "अगं, भात लावू दे मला," आई वैतागायची.

नदीकाठचं ते गाव दोन रस्त्यांचं. पूल ओलांडला की गाव सुरू, विहिरीपाशी संपलं. तिथं एक वयस्कर मालकीणबाई माडीवरच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या. पूर्वी ते एकच दालन होतं. मध्ये फळ्या ठोकून दोन केलेलं.

"भिंत म्हणजे नुसत्या फळ्या आहेत हं," मालकीणबाई म्हणाल्या. "भांडायचं असेल तर नदीवर जा. मला खाली शब्दन् शब्द ऐकू येतो."

सकाळ छान गेली. भाड्याच्या सायकली, दोन्ही बाजूंना वाऱ्यानं लवणारी शेतं, ओल्या मातीचा वास. आडवी आलेली बदकं वाचवायला म्हणून तो सायकलसकट बांधावरून थेट चिखलात उतरला.

"लोकांना डोळे वाटत फिरतोस, आणि स्वतःला पुढचं दिसत नाही?" ती हसत म्हणाली.

"मागे बघत होतो ना."

"मागे काय होतं?"

"तू..."

ती पेडल मारायची विसरली.

पण जेवणं झाली आणि गाव मिटलं. दुकानांच्या फळ्या लागल्या, कुत्री सावलीला गेली, मालकीणबाईंचा रेडिओसुद्धा बंद झाला. दोन ते चार, पान हलेना. तोही "जरा पडतो" म्हणून आपल्या खोलीत गेला.

ती पलंगावर बसून राहिली. फळ्यांपलीकडे काही म्हणजे काही आवाज नाही. दहा मिनिटं झाली. ती उठली, त्याच्या दारावर टकटक केली.

"पाणी हवंय?"

"आत्ताच तर दिलंस."

वीस मिनिटांनी, "खिडकी लावू का? ऊन येत असेल." अर्ध्या तासानं, "माझी पेन्सिल राहिलीय का तुझ्याकडे?"

तिसऱ्या वेळी त्यानं दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप. तिच्या चेहऱ्याकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला. कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. "ही घे," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दुपारी फळ्यांपलीकडून घोरणं ऐकू आलं.

साधंसुधं नव्हे. करवतीनं ओंडका कापावा तसं, मध्येच एक शिट्टी, मग पुन्हा करवत. तिला आधी हसू फुटलं. मग लक्षात आलं, की खांदे सैल पडलेत. तो आवाज वर जायचा, खाली यायचा... आहे, आहे, आहे... असं काहीतरी म्हणत राहायचा. वर्षभरात पहिल्यांदा ती दुपारची झोपली.

"काल छप्पर उडालं असतं," सकाळी चहाच्या टेबलाशी ती म्हणाली.

"कुणामुळे? मी? छे! आमच्या घरात कुणी घोरत नाही."

"अरे, मला खाली ऐकू आलं!" मालकीणबाईंनी पाव कापता कापता सुरी त्याच्यावर रोखली. "लग्नाआधी कळलं, नशीब हिचं. आमच्या ह्यांनी बोहल्यावर चढेपर्यंत पत्ता लागू दिला नव्हता."

तो कान लाल करून पाव खात राहिला.

ती शेवटची दुपार. दुसऱ्या दिवशी परतीची बस, आणि बसमध्ये उत्तर. ते उत्तर अजून तिच्यापाशी नव्हतं. सकाळी होतं असं वाटायचं, दुपारी नाहीसं व्हायचं.

"चष्मा दे इकडे," जेवणानंतर तो म्हणाला. "नाकावरचे पॅड बदलून ठेवतो. हत्यारं आणलीत."

"सहलीला हत्यारं?"

"वैद्य पुडी घेऊन फिरतो, तसं."

चष्मा काढला, आणि सगळं जग पाण्यात बुडाल्यासारखं झालं. हातानं चाचपत ती पलंगावर आडवी झाली. थोड्या वेळानं करवत सुरू झाली. तिच्या पापण्या जड झाल्या...

आणि करवत थांबली. ओंडका अर्धाच कापून.

ती उठून बसली. कूस बदलली असेल. तिनं आकडे मोजायला सुरुवात केली. दहा. वीस. चाळीस. काहीतरी बारीक, धातूचं पडल्यासारखं वाटलं होतं का मघाशी? साठ. पलीकडे श्वाससुद्धा नाही.

ती त्याच्या दाराशी कशी पोचली, तिला आठवत नाही. हात दारावर होता. दार ढकलायचं होतं, आणि हात हलत नव्हता. दार उघडलं नाही, तर आत सगळं ठीक आहे. त्या दुपारी पडदा ओढलेला होता, तोवर बाबाही ठीकच होते. दोन तास होते. उघडलं, की...

तिनं दार ढकललं.

खुर्ची रिकामी. आणि फरशीवर, खिडकीखाली, एक लांबट धूसर आकार. तो होता. पालथा. गाल फरशीला टेकलेला, एक हात पुढे पसरलेला. छाती हलतेय की नाही, तिला दिसत नव्हतं. चष्म्याशिवाय काही, काहीच दिसत नव्हतं.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तिनं स्वतःही कधी ऐकला नव्हता.

"हलू नकोस!" तो आकार ओरडला. "पाय तिथंच ठेव! स्क्रू पडलाय!"

ती तिथंच खाली बसली. तो गुडघ्यांवर सरपटत तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा जवळ येता येता स्पष्ट झाला, तेव्हा त्यावर नेहमीचं हसू नव्हतं. "अगं... श्वास रोखून शोधत होतो. फुंकरीनंसुद्धा उडतो तो. तुला काय वाटलं? अगं, रडू नको ना..."

तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. शर्टाखाली धडधड चालू होती. मग हळूहळू तिच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. खिडकीतल्या स्टुलावर पसरलेलं फडकं, पेचकस, बाबांच्या चष्म्याची सुटी काडी.

"तू काम करत होतास."

"हं."

"पण घोरत होतास."

त्यानं कानामागे खाजवलं.

"जागेपणी?"

"दोन्ही एकदम करणं सोपं नाही, सांगतो. शिट्टी मारताना स्क्रू सुटला हातातून."

"काल पण?"

"काल तू पाऊण तास झोपलीस. घसा बसलाय माझा." त्यानं तिच्या डोळ्यांवरचे केस बाजूला केले. बोटं नेहमीसारखीच गार. "परवा तीनदा आलीस तू. पाणी, खिडकी, पेन्सिल. मला कळायला तिसरी फेरी लागली, एवढा मी मठ्ठ. तुला विचारलं असतं, तर तू 'काही नाही' म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"म्हणून म्हटलं, आवाज करत राहावं."

मग ती म्हणाली, "एक विचारू? खरं सांग. तू नाही ना मरणार?"

कुणीही असतं तर "छे गं" म्हणालं असतं. तो तसं म्हणाला नाही.

"ते मला सांगता येत नाही," तो म्हणाला. "मी आहे तोवर आवाज करीन. एवढंच सांगता येतं."

तिनं डोळे पुसले आणि फरशीवरून तळवा फिरवायला लागली. नजर अधू असली तरी बोटं प्रुफं तपासणारीची. पलंगाच्या पायापाशी, फटीत, तिला तो लागला. खसखशीच्या दाण्याएवढा.

"सापडला. आता जाऊन पडते," ती म्हणाली. दारापाशी थांबली. "आज घोरू नकोस. बघू या..."

खाली मालकीणबाईंनी तक्तपोशीवर काठी ठोकली. "नदीवर जा म्हटलं होतं ना!"

परतीच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. बाबांचा चष्मा नाकावर, नव्या पॅडसकट. घाट सुरू झाला तसा तिचा हात पुढच्या दांड्याकडे गेला, आणि वाटेतच त्याच्या मनगटावर थांबला.

"काल झोपलीस का मग?" त्यानं विचारलं. "मी चिडीचूप होतो."

"आधी भीती वाटली. खूप. मग... कधीतरी डोळा लागला असेल."

"लागलाच. फळ्यांना कान लावून मी ऐकत होतो. घोरत होतीस."

"मी? काहीतरीच!"

"मालकीणबाईंना विचार. म्हणाल्या, 'शोभताय एकमेकांना.'"

ती हसली. मग बाहेर बघत, एकेक शब्द निवडत म्हणाली, "मला भीती वाटतच राहणार आहे. रोज. दुकानातून यायला उशीर झाला, तर दहा फोन करीन."

"अकरा कर."

"तू झोपलास, की येऊन बघीन."

"बघ. उठवलंस तरी चालेल. फक्त पेन्सिल मागू नकोस."

बसनं अवघड वळण घेतलं. दरी खिडकीशी आली. तिनं डोळे मिटले नाहीत, त्याचं मनगट मात्र असं आवळलं, की तो "आई गं!" म्हणाला.

"दुकानात विचारलं होतंस ना," ती म्हणाली, "ते परत विचार."

"इथं? घाटात?"

"इथंच. मी घाबरलेली असताना."

त्यानं विचारलं. तिनं इतक्या जोरात मान हलवली, की चष्मा नाकावरून सुटून थेट ओठांवर आला. तो सावरायला तिचा हात उठला.

"राहू दे," तो म्हणाला. "घसरू दे."