पालथी कवडी

तो माझ्याकडे पाहत नव्हता, माझ्या डोक्याकडे पाहत होता.

बासष्टची दिवाळी. दिग्रसजवळ आमचा तांडा. याडीची, म्हणजे माझ्या आईची, नजर चुकवून मी सकाळीच विहिरीवर गेले होते. स्वतःच्या लग्नासाठी शिवलेली इंढोणी मला घागरीखाली एकदा घालून बघायची होती. चुंबळच ती, पण कवड्यांनी मढवलेली.

"थांब... हलू नको."

आमच्या तांड्याचे नायक हरिसिंग, त्यांचा भाचा देवीलाल. दूर दक्षिणेत समुद्रावर नोकरीला आहे, एवढं ऐकून होते.

"काहून? डोक्शावर साप आहे काय?"

"समुद्र आहे," तो म्हणाला. "कुठून आल्या ह्या कवड्या?"

"पणजोबा बैलांवर मीठ आणत, तवाच्या. तुमी काय करता समुद्रात?"

"कोळ्यांच्या जाळ्यात काय काय येते ते मोजतो. कोण कोणाले खाते, मासे कुठं कमी झाले..."

"आमचा बा रोज बकऱ्या मोजते. त्याले कोणी साहेब म्हणत नाही!"

तो असा हसला... माझी घागर डचमळली, खांदा भिजला.

मग रोज सकाळी त्याला विहिरीवर काहीतरी काम निघू लागलं. जिवंत कवडी आपल्या अंगाचीच ओढणी पाठीवर पांघरते, म्हणून ती पाठ चकाकते, असं त्यानं सांगितलं. आम्ही तर पाठ घासून टाकतो आणि कवडी तोंड वर करून शिवतो. कवडीत जीव असतो हेच मला नवं होतं. मी ओढणी सारखी केली — उगाच.

जाताना त्यानं एक कवडी मागितली.

"कोणत्या किनाऱ्याची, ते पाह्यतो."

"लग्नाची इंढोणी आहे. जागा रिकामी राहीन."

"मी येऊन शिवून देतो. होळीले."

मी दातानं दोरा तोडला.

थंडीत दारव्ह्याचे पाहुणे मला बघायला आले. त्यांच्या बायकांनी इंढोणी फिरवून पाहिली. "एक कवडी कमी आहे व बाई!" याडी सुई घेऊन उठली. मी इंढोणी पदराखाली लपवली.

"राहू दे, याडी."

"कोणासाठी?"

"नायकाचा भाचा होळीले येऊन शिवून देतो म्हणे." रात्री बा एवढंच बोलला, "होळीपर्यंत थांबतो. मंग दारव्ह्याले हो म्हणतो."

होळी आली. डफ वाजू लागले, बायकांनी फेर धरला. माझे कान एस.टी.च्या रस्त्याकडे... शेवटची गाडी येऊन गेली, तरी कोणी नाही. मग धुळीनं माखलेला तो थेट आमच्या दारातच उभा राहिला. याडीकडे त्यानं सुई-दोरा मागितला!

खिशातून अख्खी कवडी काढली. पाठ शाबूत, ठिपकेदार, बाजूला दोन बारीक भोकं.

"आन् माही?" मी हळूच विचारलं.

"ती माझ्या टेबलावर आहे. ती आता देत नाही."

बोट टोचून घेत, सगळ्यांसमोर त्यानं कवडी शिवली. बायका खो-खो हसल्या. "अरे, पालथी शिवली न!"

"समुद्रात ती अशीच चालते," तो म्हणाला. कान लालेलाल.

बानं इंढोणी हातात घेऊन निरखली. मग माझ्याकडे पाहिलं.

"ह्याले काही शिवता येत नाही. जाय पोरी... तूच शिकव त्याले."

पुढे समुद्रकाठच्या संसारात मी त्याला पुष्कळ काही शिकवलं. कवडी शिवायचं तेवढं मुद्दाम राहू दिलं.