भिंतीवरचा पंजा

"माझ्या ओल्या भिंतीवर पंजा उमटवलात तुम्ही."

"छताकडे बघत होतो," नकाशेवाला साहेब म्हणाला. "मागे सरलो आणि..."

सरकारी भवनाचं ते छत बघण्यासारखं होतंच. इथल्याच डोंगरातला बांबू, कमानीवर कमान. खाली इथलाच काळा दगड. एकट्या मंत्र्याला बसायला एवढा महाल, आणि आमच्या वस्तीतल्या शाळेला गळका पत्रा. पण चुन्याची ही भिंत माझी होती. बायकांनी घमेली वाहायची, थापी पुरुषांनी धरायची, हा तिथला कायदा. मी भांडून थापी घेतली. एक चूक, की परत घमेलं, असं ठेकेदारानं चारचौघांत बजावलं होतं.

आणि घोटलेल्या चुन्याला ठिगळ चालत नाही. जन्मभर दिसतं. सगळी भिंत खरवडावी लागते.

"मी सांगतो ना ठेकेदाराला."

"राहू द्या. साहेबलोक बोलायला गोड असतात."

सकाळी ठेकेदार भिंतीपुढे उभा. "तरी म्हटलं होतं, बाईमाणसाच्या हातात थापी—"

नकाशेवाला पुढे आला. त्यानं आपला पंजा भिंतीवर उमटलेल्या पंजावर ठेवला. बोटाला बोट जुळलं.

"माझा आहे. तिच्या कामात एक रेघ वाकडी दाखवा. आणि खरवडायला मी आहे."

ठेकेदार पुटपुटत निघून गेला. थापी माझ्याकडेच राहिली. सल्ले देणारे मला ढिगानं भेटले. खरं बोलून शेजारी उभा राहणारा हा पहिलाच. आभार मानायची सवय नव्हती. नुसतीच खोकले. त्या उधळ्या इमारतीला रोज शिव्या घालायचे मी. त्या दिवशी तिला मनातल्या मनात हात जोडले.

तीन दिवस तो माझ्यासाठी घमेली वाहत होता. डोक्यावरची चुंबळ वाकडी, नाकावर चुना. बायका हसून बेजार.

"साहेब, मान सांभाळा, अजून लग्न व्हायचंय."

शेवटचा हात घोटताना मी वळून न बघता विचारलं, "त्या छतात एवढं काय होतं हो?"

घमेलं खाली ठेवायला त्याला फारच वेळ लागला.

"छत... मी अजून नीट पाहिलेलंच नाही."

माझ्या हातातली घोटायची गारगोटी थांबली. मग दुसरी गारगोटी मी त्याच्या हातात दिली. "गोल फिरवा. हलक्या हातानं. आणि लक्ष भिंतीकडे."

"भिंतीकडेच आहे."

नव्हतं. घोटलेल्या चुन्यात त्याची नजर मला स्वच्छ दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदाच... मी भांडले नाही.