इथं थांबले

लातूरच्या त्या वाचनालयात मनस्विनी गेली ती अगदी साध्या कामाला. लग्नाला दीड महिना झाला होता, माहेराहून, म्हणजे नांदेडहून, आणलेली दोन्ही पुस्तकं संपली होती, आणि दुपारी घरात करण्यासारखं काहीच नव्हतं. सासरे अनंतराव जेवून आडवे होत. सासूबाई मिरच्यांची देठं खुडता खुडता पेंगत. नवरा, अंबरीश, क्लासच्या पोरांना दिवसभर रसायनशास्त्र शिकवून घरी येई तेव्हा त्याच्या घशात बायकोपुरता आवाज उरलेला नसे.

वाचनालय डाळमिलच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. जिन्यात तुरीच्या भुशाचा वास. टेबलामागं वीरण्णा नावाचे पिकल्या मिशांचे गृहस्थ बसले होते.

"कथासंग्रह आहेत का? अनुवादित असले तरी चालतील. बंगाली, कन्नड, मल्याळी..."

"कादंबऱ्या लई आल्यात नव्या."

"कथाच बऱ्या," ती म्हणाली. कादंबरी नव्या सुनेला परवडत नाही, हे तिनं मनातल्या मनात म्हटलं. मध्येच हाक येते. कथा कशी, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत संपते.

"नाव सांगा."

ती जराशी अडखळली. लग्नात तांदळाच्या ताटात अंबरीशनं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. ते कुणी ठरवलं हे तिनं विचारलं नव्हतं. चोवीस वर्षं वापरलेलं नाव चपलांसारखं मांडवाबाहेर काढून ठेवायचं, एवढं तिला कळलं होतं. निघताना चपला तरी परत मिळतात.

"राजश्री अंबरीश नळेगावकर."

वीरण्णांनी लाकडी खण ओढला, बोटानं कार्डं मागं सारली आणि एक बाहेर काढलं. "तुमचं कार्ड तर हाय की! अनंतरावांनी काढलेलं. मागचं एक पुस्तक घरीच राहिलंय तुमच्या, तेवढं आणून द्या."

सासऱ्यांनी न सांगता कार्ड काढून ठेवलं, स्वतः एक पुस्तकही नेलं, याचं तिला कौतुक वाटलं. शिष्ट दिसतात, पण मनानं बरे आहेत. ती कन्नड कथांचा एक जाडसर संग्रह घेऊन घरी आली.

अनुक्रमणिकेत काही कथांपुढं पेन्सिलचे ठिपके होते, कुंकवाच्या काडीनं द्यावेत तसे. कुणीतरी वाचून झालेल्या कथांची नोंद ठेवली होती. आत, समासात, बारीक अक्षर:

'इथं थांबले. दूध उतू गेलं.'

मनस्विनीला हसू आलं. गावात आणखी कुणाची तरी सून होती, जिला कथासुद्धा सलग मिळत नव्हती. पुढची ओळ वाचणार तोच करपल्या दुधाचा वास आला.

पहिल्यांदा तिनं ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदाही. पण आठवडाभरात तिनं तीन संग्रह वाचले, आणि तिन्हींत तेच अक्षर होतं. 'इथं थांबले. लाईट गेली.' पंखा घरघरत बंद पडला. 'इथं थांबले. आईंनी हाक मारली.' स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली. 'इथं थांबले. अण्णांना ठसका.' या घरात अनंतरावांना सगळे अण्णाच म्हणत. घरोघरी अण्णा असतात, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि तेवढ्यात आतल्या खोलीत सासऱ्यांना असा ठसका लागला की तांब्या घेऊन पळावं लागलं.

तिनं आणखी एक गोष्ट ताडून पाहिली. समासात पेन्सिल दिसताच, अक्षरं न वाचता, पुस्तक मिटलं तर काहीच होत नसे. वाचलं, की होई.

रात्री जेवताना तिनं अंबरीशला सांगितलं.

"तू कथा लई वाचायलीस," तो म्हणाला. मग त्याचा घास तसाच हातात राहिला. "पेन्सिलनं लिहिलंय?"

"हो. का?"

"काही न्हाई. वाढ जरा आमटी."

अंबरीशचं हे दुसरं लग्न होतं. ते लपवलेलं नव्हतं. पहिली बायको लग्नानंतर आठ महिन्यांत तापानं गेली, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. घरात तिचा विषय निघाला तर सगळे तिला 'औशाची' म्हणत, माहेर औसा म्हणून. मनस्विनीलाही शेजारीपाजारी 'नांदेडची'च म्हणत. त्यामुळं औशाचीला नाव असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वीरण्णांचं राहिलेलं पुस्तक तिला आठवड्यानं सापडलं. उन्हात घालायला गोधड्या काढल्या तेव्हा तळातल्या गोधडीच्या घडीतून ते खाली पडलं. भारतीय कथांचा संग्रह, वाचनालयाचा शिक्का. ते पडलं ते उघडंच पडलं. उचलताना नजर गेली, आणि वाचायचं नाही हे आठवायच्या आत वाचून झालं.

'इथं थांबले. अंग कसकसतंय.'

भर उन्हात, गच्चीवर, तिला हुडहुडी भरली. ती त्याच गोधडीत शिरली. हात आपोआप पान उलटत होता. कुणीतरी बोलता बोलता गप्प झालं की आपण 'मग?' म्हणतो ना, तसं तिला होत होतं.

'इथं थांबले. पाणी गिळवत नाही.'

घशात काटे उभे राहिले. पुढं अजून बरीच पानं होती. तिनं अनुक्रमणिका उघडली. ठिपके सातव्या कथेपर्यंत होते. आठवीपुढं ठिपका नव्हता. म्हणजे आठव्या कथेत कुठंतरी ती शेवटची थांबली होती, आणि तिथं काय लिहिलं होतं ते मनस्विनीला वाचायचं नव्हतं. तिनं दोरीवरची ओढणी ओढून पुस्तक तिच्यात गुंडाळलं आणि गाठ मारली. मुलं पतंगाला मारतात तशी, दोनदा.

संध्याकाळी सासूबाई तिच्या खोलीत, कपाळावर ओली पट्टी ठेवायला आल्या. हात मऊ होता त्यांचा.

"आई, औशाचीचं नाव काय होतं?"

"पडून राहा गं. ताप हाय अंगात."

"नाव काय होतं?"

सासूबाईंनी पट्टी उलटी केली. "नाव घराचं असतं. येणारी बदलते."

"राजश्री?"

"गुरुजींनी काढून दिलं होतं. अंबरीशच्या पत्रिकेला तेच जुळतं." त्या बराच वेळ पट्टी दाबत राहिल्या. "चांगलं नाव होतं... वाया कशाला घालवायचं?"

दुसऱ्या दिवशी, ताप असतानाच, ती रिक्षानं वाचनालयात गेली. गाठ न सोडताच ओढणीसकट पुस्तक टेबलावर ठेवलं. 

"हे कार्ड माझं नव्हतं," ती म्हणाली. आवाज फाटत होता. "त्या गेल्या. मी दुसरी."

वीरण्णांनी चष्मा काढला. "आम्ही कधी बघितलंच न्हाई त्यांना. अनंतरावच न्यायचे पुस्तकं. मला वाटलं, तुम्हीच त्या..."

"रद्द करा ते. नवं काढा. मनस्विनी."

त्यांनी जुन्या कार्डावर शिक्का मारला. नव्यावर नाव लिहिलं. मग, बहुधा तिचा चेहरा बघून, कालच्या पार्सलातलं एक पुस्तक काढलं. नवे कथासंग्रह आले होते, अजून नंबरही पडले नव्हते. "हे न्या. ह्याला कुणाचा हात लागलेला न्हाई."

जिना उतरताना तिला घाम फुटला. खाली येईपर्यंत अंग निवलं होतं. कोपऱ्यावरच्या गाड्यावर तिनं उसाचा रस मागितला, आणि तो घशाखाली गेला.

घरी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, हळूच, पण एकदाच. "मला मनस्विनी म्हणा. राजश्री म्हटलंत तर मी ओ देणार नाही."

अनंतराव पेपरच्या मागंच राहिले. अंबरीश म्हणाला, "मला चालंल." तो सुटल्यासारखा दिसला. सासूबाई नुसतं "बरं" म्हणाल्या आणि मिरच्या घेऊन बसल्या.

आठ दिवस बरे गेले. नव्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटलेली होती, नखानं सोडवावी लागत. शाईचा वास. समास पांढरे स्वच्छ. रोज दुपारी एक कथा. ती हळूहळू पुन्हा मजेत वाचायला लागली.

नवव्या दिवशी, तीनच्या सुमाराला, ती पुढच्या खोलीत खुर्चीत बसून वाचत होती. एका ओळीवर बोट होतं. अनंतरावांचं घोरणं ऐकू येत होतं. दूर डाळमिलची घरघर.

"राजश्री..."

स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक. सवयीनं आली असेल. मनस्विनी गप्प राहिली. ठरलं ते ठरलं.

"राजश्री... अगं..."

या वेळी आवाज हळू होता. मनस्विनीनं दात आवळले, बोट ओळीवरच ठेवलं.

"आले, आई."

मधल्या खोलीतून. बाईचा आवाज, बारीक, कोरडा, खूप वेळ पाणी न प्यायल्यासारखा. मग बांगड्या वाजल्या. पावलं स्वयंपाकघराकडं गेली, सावकाश, आजारातून उठलेलं माणूस जातं तशी.

मनस्विनी वाट बघत राहिली. सासूबाई आता ओरडतील, निदान भांडं तरी पडेल.

"चहा ठेव गं," सासूबाई म्हणाल्या. इतक्या मायेनं त्या मनस्विनीशी कधी बोलल्या नव्हत्या. "साखर कमी टाक. तुला ठाऊकच हाय."

लायटर दोनदा खटखटला. गॅस पेटला.

मनस्विनीला उठता येईना. तिनं नजर खाली पुस्तकाकडं वळवली. आताच नखानं सोडवलेलं पान. बोट होतं त्या ओळीशेजारी, पांढऱ्या समासात, पेन्सिलचं बारीक अक्षर होतं:

'इथं उठले.'