आठव्या खाटेला दिलेला शब्द

आधीच सांगते, पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. खोटं सांगून मला काही मिळणार नाही. ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामेबहिणीची आहे आणि ती थापा मारणारी बाई नाही. लहानपणी आम्ही भुताच्या गोष्टी सांगायला बसलो की हीच मध्ये उठून "पुरे झालं, झोपा आता" म्हणायची.

आणखी एक. भुताच्या गोष्टी नेहमी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे. बाहेर लख्ख ऊन होतं.

तिला घरात सगळे माऊ म्हणतात. पावलं न वाजवता चालायची सवय, म्हणून माऊ. ती नर्स झाली तेव्हा आम्ही चिडवायचो, "हिचे पेशंट दचकूनच बरे होणार."

माऊचा नवरा लवकर गेला. मागे एक मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. माऊची मुलगी म्हणून तिचं नाव आपोआप पिल्लू पडलं. माऊ काम करायची तो छोटा दवाखाना बंद झाला आणि तिला लांबच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. लांब म्हणजे किती, तर एक अख्खा दिवस आणि एक रात्र गाडीत. ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही तिथे.

पहिले काही महिने नोकरी कच्ची. पक्की झाली की राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. मग पिल्लूला आणता येणार होतं. माऊ त्या दोन खोल्यांवर डोळा ठेवूनच गेली. तोवर पिल्लू मामीकडे, म्हणजे तिच्या आजीकडे राहणार होती.

निघताना पिल्लूने तिचं बोट धरून ठेवलं. सोडायलाच तयार नाही.

"आलेच हं," माऊ म्हणाली. आणि गाडीत बसली.

पुढे रोज संध्याकाळी फोन. पिल्लूचा एकच प्रश्न, आई कधी येणार? माऊचं एकच उत्तर.

आलेच हं.

यात वावगं काहीच नाही. कोणी हाक मारली आणि आपले हात कामात असले की आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणते. म्हणायचे.

पहिल्या दिवशी वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी तिला सगळं दाखवलं. बायकांचा वॉर्ड, तिसरा मजला, आठ खाटा. प्रत्येक खाटेच्या उशाशी वायरला बांधलेलं एक बटण. दाबलं की खाटेवरचा दिवा लागायचा आणि सिस्टरच्या टेबलापाशी टिंग वाजायचं. औषधांचं कपाट दाखवून झालं, किल्ल्या दाखवून झाल्या. मग मोठ्या सिस्टर थांबल्या.

"आणि एक लक्षात ठेव. या वॉर्डात कोणाला आलेच म्हणायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे म्हणायचं नाही. जायचं असेल तर सरळ जा. वेळ लागणार असेल तर वेळ लागेल असं सांग. पण आलेच नाही."

माऊला वाटलं, बाई शिस्तीच्या आहेत. पेशंटला ताटकळत ठेवायचं नाही, एवढाच अर्थ तिने घेतला. चांगलंच आहे की, असंही वाटलं.

पण नंतर तिने बघितलं. वॉर्डातल्या सगळ्याच जणी कटाक्षाने तो शब्द टाळत होत्या. एक जण सवयीने "आले..." म्हणाली आणि जीभ चावून गप्प झाली. पार पांढरी पडली होती.

आणि आठवी खाट कायम रिकामी होती.

खिडकीजवळची सगळ्यात चांगली खाट. रोज तिची चादर बदलली जायची. पडदा मात्र ओढलेला. बाहेर पेशंटची रांग असली तरी तिथे कोणाला झोपवत नसत. माऊने विचारलं तर आयाबाई म्हणाली, "ती भरलेलीच धरतात."

तिसरा आठवडा असेल. जेवणं झाली होती. डॉक्टर येऊन गेले होते. बायका औषध घेऊन पेंगत होत्या. बाकीच्या जणी जेवायला गेलेल्या, वॉर्डात माऊ एकटी. दुसऱ्या खाटेवरच्या बाईचं सलाईन अडकलं होतं, म्हणून ती हात धरून सुई नीट करत होती. एक हात सुईवर, दातांत चिकटपट्टी.

तेवढ्यात...

टिंग.

तिने मान वळवली. टोकाच्या पडद्यामागे दिवा लागला होता.

मग आवाज आला. बारीक. दमलेला.

"सिस्टर..."

माऊला वाटलं, मघाशी आपण जेवायला गेलो तेव्हा नवीन पेशंट आणला असेल. हात अडकलेले. डोकं सुईत. आणि तोंडातून जे निघायचं ते निघून गेलं.

"आलेच हं."

दिवा विझला.

पट्टी लावून ती लगेच गेली. अगदी लगेच. पडदा बाजूला केला.

कोणी नव्हतं.

चादर ताणलेली, तिच्यावर एक सुरकुती नाही. उशी फुगलेली. मऊ चादरीवर ते बटण नीट ठेवलेलं. माऊने ते उचलून बघितलं...

गरम होतं.

कोणीतरी कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवावं तसं गरम. ओलसरसुद्धा.

तिने ते टाकलं आणि मागे सरकली. सातव्या खाटेवर प्लास्टरमध्ये पाय घातलेल्या एक आजी होत्या. सगळ्या वॉर्डाला हसवायच्या. त्या डोळे मिटूनच बोलल्या.

"बरं केलंस बाई. एकदाची गप्प झाली."

"कोण, आजी?"

"हीच की, शेजारची. रोज हाका मारते, कोणी तिच्याशी बोलतच नाही. पाय झोपलाय माझा, कान जागे आहेत." मग आजींनी डोळे उघडले. "आता कुठे निघाली ती?"

माऊने वळून दाराकडे बघितलं.  संध्याकाळी तिने मोठ्या सिस्टरना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या.

"नेमकं काय म्हणालीस?"

"आलेच हं, म्हणाले. पण मी गेले होते ना, सिस्टर. लगेच गेले."

"तू रिकाम्या खाटेपाशी गेलीस. तिच्यापाशी कुठे गेलीस?"

"पण ती आहे कोण?"

"मला माहीत नाही. माझ्या आधीच्या सिस्टरनी मला सांगितलं, मी तुला सांगितलं. कोणीतरी कधीतरी तिला आलेच म्हणून गेली आणि परत आली नाही, एवढंच सगळे म्हणतात." त्यांनी टेबलावरच्या बेलकडे बघितलं. "आता ही वाजणार नाही."

"मग बरंच झालं की."

"वाट बघणारा बेल वाजवतो, बाई. बेल वाजत नाही म्हणजे ती उठली. तू कुठे राहिलीस ते बघायला."

आणि खरंच, आठव्या खाटेची बेल पुन्हा वाजली नाही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या त्या दिवसापासून एकदाही नाही.

माऊच्या खोलीत मात्र वाजायला लागली.

नर्सच्या राहायच्या खोल्या आवाराच्या दुसऱ्या टोकाला होत्या. तिथे कसली बेल नाही. तरी ती केस विंचरत असायची आणि भिंतीपलीकडून...

टिंग.

जिना चढताना मागे चपला घासत यायच्या. ती थांबली की थांबायच्या. वळून बघितलं की स्वच्छ ऊन आणि रिकाम्या पायऱ्या. माऊ स्वतः पावलं न वाजवता चालणारी, त्यामुळे ते आपलेच पाय आहेत अशी समजूतसुद्धा घालता येईना. जेवण जाईना. आरशात बघवेना. पण नोकरी सोडायची म्हणजे त्या दोन खोल्या गेल्या, आणि खोल्या गेल्या की पिल्लूला आणणं राहिलं. दात आवळून ती रोज ड्युटीवर जात राहिली. घरी एका शब्दाने बोलली नाही. मामीला उगाच घोर नको.

मग एक दिवस सगळं थांबलं.

चपला नाहीत, बेल नाही. दोन दिवस गेले, चार गेले. माऊ पोटभर जेवली. तिला वाटलं, सुटले.

त्या संध्याकाळी तिने फोन लावला. मामी म्हणाली, "अगं, तुझी लेक शहाणी झाली हल्ली. तू कधी येणार म्हणून रडत नाही. दारातल्या पायरीवर बसते आणि एकटीच गप्पा मारते."

"दे तिला फोन."

पिल्लू आली. आवाज एकदम खुशीत.

"आई, तू सावकाश ये. काही घाई नाही."

"का गं? माझी आठवण येत नाही?"

"येते ना. पण आता मी एकटी नसते. ती बाई येते. ती पण तुझीच वाट बघते. तू तिलापण आलेच म्हणालीस ना?"

माऊ ताडकन उठून उभी राहिली.

"आम्ही दोघी मिळून वाट बघतो," पिल्लू म्हणाली.

माऊने कपडेसुद्धा भरले नाहीत. पर्स उचलली आणि मोठ्या सिस्टरकडे गेली. नोकरी जाईल हे तिला माहीत होतं. नोकरी गेली खड्ड्यात, असं ती चक्क त्यांच्या तोंडावर म्हणाली. मोठ्या सिस्टर एवढंच बोलल्या, "जा. आणि पोचेपर्यंत कोणालाही काही कबूल करू नकोस. लेकीलासुद्धा नाही."

एक रात्र आणि एक दिवस. ती गाडीत ताठ बसून होती. फोन बंद करून ठेवला होता. घरून फोन आला, पिल्लूने विचारलं आणि आपल्या तोंडून पुन्हा तेच निघालं तर, याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. पिल्लू पायरीवर बसली होती. एका कडेला, अंग चोरून. बाकीची पायरी रिकामी.

माऊने धावत जाऊन तिला छातीशी धरलं आणि रडत रडत तिथेच टेकली. तिचा हात बाजूच्या फरशीवर पडला. पायरीवर दिवसभर सावली असते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी आम्ही उन्हाळ्यात गारव्यासाठी तिथेच बसायचो.

फरशी गरम होती.

एका माणसापुरतीच. तिच्या पलीकडे गार.

माऊने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती रिकाम्या जागेकडे बघून हळू बोलली. ती आयुष्यात कोणाला घाबरून बोलली नव्हती, तेव्हा बोलली. "आले मी. उशीर झाला. माझं चुकलं. पण आले."

मामी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

बघता बघता फरशी गार पडली.

दुसऱ्या दिवशी माऊ पिल्लूला घेऊन निघाली. त्या हॉस्पिटलात परत गेली नाही. तिसऱ्याच शहरातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात तिने ओळखीने काम मिळवलं. एकच खोली, पण लेक जवळ. गाडी सुरू झाली तेव्हा पिल्लू खिडकीतून मागे बघत हात हलवत होती. आजीला हलवत असेल म्हणून माऊने लक्ष दिलं नाही. आजी तर स्टेशनावर आलीच नव्हती, हे तिच्या नंतर ध्यानात आलं.

"पिल्लू, कोणाला टाटा केलास?"

"त्या बाईला. मी तिला म्हटलं, चल आमच्याबरोबर."

"मग?"

"ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे."

"आणखी काय म्हणाली?"

पिल्लूने आईकडे बघितलं. अगदी सहज सांगितलं तिने.

"म्हणाली, मी आलेच."

याला सहा वर्षं झाली. बेल वाजली नाही, चपला वाजल्या नाहीत. माऊ म्हणते, झालं गेलं, विषय काढू नकोस. पण दारावर कोणी आलं की आधी खिडकीतून बघते.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे राहून आले. संध्याकाळी पिल्लू दारातल्या पायरीवर पुस्तक वाचत बसली होती. अकरा वर्षांची घोडी झालीये आता. मी चहाचा कप घेऊन तिच्या शेजारी टेकायला गेले.

"मावशी, तिथे नको ना," ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "आत बस."

तेव्हा मी बघितलं. ती पायरीच्या एका कडेला बसली होती. अंग चोरून.

पायरीला हात लावून बघावा, असं मनात आलं होतं माझ्या. नाही लावला. मी आत आले आणि माऊला अजून काही सांगितलेलं नाही.