टोकाशी बोथट!

"त्यात कात्री आहे, करवत आहे, झाकण उघडायचा आकडा आहे, आणि शिवाय दात कोरायची काडी! नऊ हत्यारं एका चाकूत!" जिना उतरता उतरता टिकलीने यादी संपवली.

"मामाला दात कोरायचे नाहीयेत, सफरचंद कापायचंय!" रेडिओ म्हणाली. "पातळ पात्याचा साधा चाकू घ्यायचा. ठरलंय ना आपलं?"

"तुझं ठरलंय. बाबा माझे आहेत."

"मामा माझा आहे!"

"आणि बूट माझे आहेत. थांबा की जरा," मागून गोगलगायीचा आवाज आला. तो अजून पहिल्याच नाडीची गाठ मारत होता.

रेडिओ तेरा वर्षांची. तिला बंद करायचं बटण नाही, म्हणून हे नाव. गोगलगाय तिचा धाकटा भाऊ. तो प्रत्येक गोष्ट वाकून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. दोघं सुट्टीला मामाकडे आले होते. टिकली ही मामाची नऊ वर्षांची मुलगी. उद्या मामाचा वाढदिवस होता.

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. दुपारच्या डब्यात त्याला सफरचंद लागायचंच. पण त्याचा जुना चाकू इतका जाड होता, की सफरचंद चिरलं जायचं नाही, कडकन फुटायचं! अर्धं मामाच्या हातात आणि अर्धं लिफ्टच्या खड्ड्यात.

मुलांना एकट्याने चाकू मिळत नसे, म्हणून मामी सोबत होती. दुकानात शिरताच ती दाराजवळच्या स्टुलावर बसली. "निवडा तुम्ही. पण घडी उघडायची ती काकांनीच."

दुकान लांबट होतं. पुढे काचेचं चकचकीत काउंटर, त्यामागे दुकानदारकाका. अगदी मागे, खिडकीच्या उजेडात, धारवाले आजोबा ओल्या दगडावर पातं घासत होते. कारखान्यातून आलेल्या चाकूला जेमतेम धार असायची, म्हणून या दुकानात प्रत्येक चाकू आधी आजोबांच्या हाताखालून जायचा.

"नऊ हत्यारांचा दाखवा!" टिकली म्हणाली.

काकांनी दाखवला. टिकलीने हातात धरला आणि तिचा चेहरा पडला. "हा तर विटेएवढा जड आहे! बाबांचा खिसा फाटेल."

"बाळा, रोज काय कापायचंय?" आजोबांनी मागूनच विचारलं.

"सफरचंद, पाव, सुतळी, खोक्याची पट्टी," रेडिओने घडाघडा सांगितलं.

"मग पातळ पातं घे. जाड पातं पाचर ठोकल्यासारखं आत घुसतं आणि फळ फोडतं. पातळ पातं वाट काढत जातं. मूठ खरखरीत बघ, म्हणजे ओल्या हातातून सटकत नाही. आणि उघडल्यावर पातं खटक्याने पक्कं बसायला हवं, नाहीतर घडी बोटावरच मिटायची."

तिघांनी मिळून एक निवडला. काळी मूठ, बोटभर लांब पातं, वहीच्या पुठ्ठ्याइतकं पातळ.

"आता बघा गंमत!" काकांनी बाह्या सरसावल्या. जो चाकू गिऱ्हाईक घेणार, तोच त्याच्यासमोर चालवून दाखवायचा, हा त्यांचा बाणा होता. त्यांनी काउंटरवर काकडी ठेवली आणि सटासट चकत्या पाडल्या. मग पातं पुसून कागद पुढे केला. "आणि हे बघा, लोण्यासारखा..."

कागद अडकला. चुरगळला. टर्रकन फाटला.

काकांचा चेहरा लालबुंद झाला. "आजोबा! आणखी एक! या पंधरवड्यातला अकरावा! लोक परत आणून आपटतायत माझ्यापुढे!"

"सकाळी याच पात्याने मी कागद चिरला होता," आजोबा हळूच म्हणाले.

"सकाळचं सकाळी. उद्या धारेचं यंत्र येतंय. आजचा दिवस तेवढा करा, मग घरी आराम करा." काका जरा घुटमळले. "वय झालंय तुमचं. हात थरथरत असेल."

आजोबांनी आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. एकतीस वर्षं ते या खिडकीत बसत होते. हात अजिबात थरथरत नव्हते!

रेडिओ तडक काउंटरवर पुढे झुकली. "काका, हे बरोबर नाही! म्हणजे मला असं वाटतं, की..."

"ताई, एक मिनिट." गोगलगाय कागदाच्या फाटक्या कडेवर नाक टेकवून उभा होता. "काका, आणखी एक कागद कापा ना. आधी मुठीजवळच्या धारेने, मग टोकाकडच्या."

काकांनी कुरकुरत कापला. मुठीजवळ सर्रकन! टोकाकडे टर्रर्र!

"टोकाशी बोथट, मुळाशी धारदार," गोगलगाय पुटपुटला. "हात थरथरला असता, तर सगळीकडेच बिघडलं असतं."

"आजोबा, तुमच्या ढिगातला धार लावून ठेवलेला कोरा चाकू दाखवता?" रेडिओने विचारलं. आजोबांनी तसलाच एक उचलून कागद चिरला. मुठीपासून टोकापर्यंत सर्रकन.

"एखादा बरा निघतोच," काका म्हणाले आणि नव्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तिघं मामीच्या स्टुलापाशी गोळा झाले. "म्हणजे आजोबांच्या खिडकीपासून काउंटरपर्यंत काहीतरी होतंय," रेडिओ कुजबुजली. "कोणी बदलत असेल का? की डब्यात एकमेकांवर आपटत असतील? की पुसायच्या फडक्यात वाळू..."

"रेडिओ, बंद!" टिकलीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "मला काहीतरी ऐकू येतंय!"

रेडिओ गप्प बसली. (हो, खरंच!) काका गिऱ्हाइकासमोर काकडी कापत होते.

टक्. टक्. टक्. टक्.

"पातं काचेवर आपटतंय," टिकली म्हणाली.

गोगलगाय काउंटरकडे गेला आणि वाकून बघायला लागला. काचेवर बारीक करडे ओरखडे होते, सगळे एकाच जागी. "काका, हे काउंटर नवीन आहे?"

"पंधराच दिवस झाले! आधी लाकडाचा जुनाट ठोकळा होता. कसं झकास दिसतंय ना?"

पंधरा दिवस! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण "काका, चूक तुमचीच आहे" असं सरळ सांगितलं असतं, तर काकांनी त्यांना दुकानाबाहेरच काढलं असतं. रेडिओने गोड आवाज लावला.

"काका, तुमच्याइतक्या भरभर चकत्या कोणालाच जमणार नाहीत. एक पैज लावू? दोन जुळे चाकू घ्यायचे, आजोबांकडचे, अगदी कोरे. एकाने काचेवर कापा आणि दुसऱ्याने त्या कोपऱ्यातल्या खोक्याच्या लाकडी झाकणावर. मग दोन्हींनी कागद!"

"त्यात काय मोठंसं?" काका खूश झाले. आजोबांनी दोन चाकू आणून दिले. सुरुवातीला दोन्हींनी कागद चिरून पाहिला. दोन्ही सर्रकन!

मग अर्धी काकडी काचेवर. टक् टक् टक्. अर्धी काकडी झाकणावर. आवाज जवळजवळ नाहीच. मामीसुद्धा स्टुलावरून उठून आली.

झाकणावरच्या चाकूने कागद टोकापर्यंत चिरला. काचेवरच्या चाकूने मुठीजवळ चिरला आणि टोकाकडे... टर्रर्र!

काकांनी फाटका कागद उजेडात धरून पाहिला.

"काच पात्यापेक्षा कडक असते," आजोबा सावकाश म्हणाले. "बारीक धार तिच्यावर दुमडते. जाड पात्याला कळायला वेळ लागतो, पातळाला लगेच कळतं. मूठ मध्ये येते म्हणून मागची धार काचेला लागत नाही, ती तेवढी वाचते. मी तिकडे मागे, आणि माझं दगडाच्या आवाजातच लक्ष. मलाही सुचलं नाही हो."

काकांनी ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "म्हणजे प्रत्येक चाकू मीच बिघडवून विकला," ते म्हणाले. "आणि बोल तुम्हाला लावला." ते काउंटरमागून निघून खिडकीपाशी गेले. "आजोबा, चुकलो मी. यंत्र परत पाठवतो. उद्या येणार ना?"

"दगड इथेच आहे माझा. जाणार कुठे?" आजोबा हसले. "आता मुलांचा चाकू द्या इकडे."

त्यांनी मुलांच्या चाकूला पुन्हा धार लावली. खोक्याच्या झाकणाची छोटी फळी कापून, घासून गुळगुळीत करून सोबत दिली. काका म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसांना जे दिसलं नाही, ते या तीन पोरांनी शोधलं!" मामी म्हणाली, "रेडिओ गप्प बसली, हे मी घरी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी मामाने फळीवर सफरचंद ठेवलं. चकती इतकी पातळ निघाली, की खिडकीसमोर धरल्यावर तिच्यातून उजेड दिसला!

"शाब्बास रे पोरांनो! आता लिफ्टच्या खड्ड्यातल्या उंदरांची उपासमार!" मामा म्हणाला आणि दुसरी चकती कापायला लागला.

"श्श!" रेडिओने सगळ्यांना गप्प केलं. सगळे कान देऊन बसले.

"ऐकलंत?" ती ओरडली. "काहीच ऐकू आलं नाही!"