चावा घेतलेलं हृदय

वेंडेलीनच्या दातांत त्या सकाळी दोरी नसती, तर त्याला दोन शब्द बोलता आले असते आणि मारलेनची इतकी शोभा झाली नसती.

पण दोरी होती. न्यूर्नबर्गच्या चौकात नाताळचा बाजार भरून आठवडा झाला होता, आणि त्या दिवशी पाऊस पडावा की बर्फ याचा आभाळाला निर्णय घेता येत नव्हता. वाऱ्याने वेंडेलीनच्या दुकानाचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं छप्पर एका कोपऱ्यातून सोडवलं. एका हातात हातोडी धरून, दोरी दातांत पकडून, दुसऱ्या हातात मधमसाल्याच्या लेबकुखन बिस्किटाचं एक मोठं हृदय घेऊन तो गल्ली ओलांडून धावत आला. समोरच्या दुकानात मारलेन उभी होती. त्याने ते हृदय तिच्या हातात ठेवलं, भुवया उंचावून काहीतरी खूण केली, आणि तसाच परत पळाला.

मारलेनने हृदयाकडे पाहिलं. त्यावर पांढऱ्या साखरेने, वेंडेलीनच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं – ‘तूच माझी’.

आता यात तिचं काय चुकलं, सांगा. आठवडाभर हा मुलगा समोरून बघत होता. ती बघायला लागली की साखरेच्या पिशवीत तोंड घालत होता. काकांचं दुकान त्याने यंदाच चालवायला घेतलेलं, बाजारात कोणाशी फारशी ओळख नाही. असा लाजाळू मुलगा तोंडाने काय बोलणार? साखरेनेच बोलणार, असं तिला वाटलं. तिने हृदयाची लाल फीत डोक्यावरून घालून ते गळ्यात अडकवलं, आणि कोटाचं वरचं बटण उघडं ठेवलं, म्हणजे अक्षरं दिसतील.

“कोणी दिलं गं?” वाल्बुर्गा मावशीने विचारलं. आलूबुखाराच्या बाहुल्यांचं हे दुकान मावशीचं. सुकवलेले आलूबुखार तारेत ओवून हातपाय करायचे, वर अक्रोडाचं डोकं बसवायचं. मावशीची बोटं आता आखडली होती, म्हणून दोन वर्षं सगळं काम मारलेनच करत होती.

“दिलं एकाने,” मारलेन म्हणाली.

“एकाला नाव नाही का?”

“आहे ना... पण तुला कशाला?”

दुपारपर्यंत तिने आणखी दोन गोष्टी केल्या, आणि त्या आठवल्या की तिला पुढे झोपेतही घाम फुटायचा. एक म्हणजे भूक लागली तेव्हा हृदयाचं टोक कुरतडलं. आपलंच तर आहे! आणि दुसरी म्हणजे आलूबुखाराचं एक नवरा-नवरीचं जोडपं उचललं, गल्ली ओलांडली, वेंडेलीनच्या पुढ्यात ते ठेवलं आणि मागे न बघता परत आली. त्याचे कान लाल झालेले तिने दुरून पाहिले. त्याने तोंड उघडलं होतं... पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

चार वाजता हॉयबेक आजोबा आले. टोपी, काठी, कोटाला ताजं फूल.

“माझं हृदय तयार आहे ना रे?” ते वेंडेलीनला म्हणाले. “आज लग्नाला पन्नास वर्षं झाली. ही तिकडे कारंज्यापाशी उभी आहे, तिला अजून काही माहीत नाही.”

आजोबांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर गल्लीपलीकडे स्थिरावली.

“अरे, ते काय! त्या मुलीच्या गळ्यात आहे.” ते चार पावलं जवळ आले, चष्मा सावरून वाकले. “आणि खाल्लंय!”

शेजारच्या सॉसेजवाल्या क्रेसेन्झ काकूंना आयतंच मिळालं. “अगं बाई, मारलेन! लोकांच्या बायकांची हृदयं खातेस होय? आमच्याकडे सॉसेज आहेत की!” रांगेतली सगळी माणसं हसली. गरम वाइनचे कप हातात धरून लोक मागे वळले. कोणीतरी अक्षरं मोठ्याने वाचली, मग पुन्हा हशा. मारलेन फीत काढायला गेली तर ती केसांत अडकली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिने एकदाच समोर पाहिलं. वेंडेलीन मान खाली घालून उभा होता. त्याने ‘हसू नका’ एवढंही म्हटलं नाही.

मग त्याने आजोबांना घाईघाईने दुसरं हृदय करून दिलं. आलूबुखाराचं जोडपं मावशी स्वतः जाऊन घेऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी ते म्युनिकच्या एका बाईने विकत नेलं.

त्यानंतर मारलेनने दुकानात मागच्या बाजूने यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांशी मावशी बोलायची, मारलेन खोक्यांच्या आड बसून अक्रोडांवर डोळे-नाकं काढायची. सगळ्या अक्रोडांचे चेहरे रडवे येऊ लागले. क्रेसेन्झ काकू रोज सकाळी विचारायच्या, “मारलेन, न्याहारी झाली का, की कोणाचं हृदय मागवू?” काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते ऐकलं की मारलेन खोक्यांच्या आणखी आड सरकायची. वाईट याचं वाटत होतं की त्या मुलाने काही दिलंच नव्हतं, आणि तिने मात्र सगळं देऊन टाकलं होतं... तेही अख्ख्या बाजारासमोर.

वेंडेलीन दोनदा आला. दोन्ही वेळा मावशीने त्याला “बाहुली हवी का? नाही? मग वाट सोड” म्हणून परतवलं.

“मी उद्यापासून येणार नाही,” मारलेन शेवटी मावशीला म्हणाली. “मला त्या गल्लीत तोंड दाखवता येत नाही.”

मावशीने आपली वाकडी बोटं मांडीवर ठेवली. “नको येऊस,” ती म्हणाली. “मी दुकान बंद करीन. ह्या हातांनी तार वळत नाही आता. पण तुझी लाज माझ्या दुकानापेक्षा मोठी असेल तर मी काय बोलू.”

त्यावर मारलेनला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती आली, पण शेवटची म्हणून. दुपारी मावशी कॉफी आणायला गेली आणि खोक्यांवरून एक डोकं डोकावलं.

“मारलेन... मला एक सांगायचंय.”

“मला माहीत आहे. ते माझ्यासाठी नव्हतं, नुसतं सांभाळायला दिलं होतंस. जा आता.”

“ते नाही.” त्याचे कान पेटले होते. “मी... मला सकाळीच कळलं होतं. छप्पर बांधून झालं, वळून पाहिलं, तर ते तुझ्या गळ्यात. मला तेव्हाच येऊन मागता आलं असतं.”

मारलेनच्या हातातला अक्रोड तसाच राहिला. “मग का नाही मागितलंस?”

“तू हसत होतीस... सारखी त्याच्याकडे बघून हसत होतीस. मला वाटलं, राहू दे थोडा वेळ. आजोबांना दुसरं करून देऊ. मग गर्दी झाली, आणि मी विसरलो. म्हणजे... विसरलो नाही. तुझ्याकडे बघत बसलो.”

“आणि लोक हसले तेव्हा?”

तो खोक्याची कड नखाने खरवडू लागला.

“मी लाजेने मरत होते, वेंडेलीन. तू एक शब्द बोलला असतास तर...”

“हो.”

“घाबरलास?”

“हो. चार दिवस झोप नाही मला. तोंड वर करून तुझ्याकडे बघायची लाज वाटते.”

तिला राग आला, आणि रागाबरोबर एक वेडा आनंदही, आणि त्या आनंदाची पुन्हा लाज वाटली. ती उठून उभी राहिली. “मग हे इथे खोक्यांमागे काय कुजबुजतोस? हसले ते तिकडे. तिकडे जाऊन सांग.”

त्याने क्रेसेन्झ काकूंच्या दुकानाकडे पाहिलं. जेवणाची वेळ, रांग पार कारंज्यापर्यंत. तरीही तो गेला.

“काकू,” तो म्हणाला, “त्या दिवशी मारलेनची चूक नव्हती. ते हृदय मीच तिच्या हातात दिलं होतं. तिच्या गळ्यात दिसलं तेव्हाही मी परत मागितलं नाही.”

“का नाही मागितलंस?” काकूंनी सॉसेज उलटत विचारलं.

तो काहीतरी पुटपुटला.

“मोठ्याने बोल, बाळा,” रांगेतून एक म्हातारी म्हणाली. “आम्ही इतका वेळ थंडीत उभे आहोत, निदान नीट ऐकू तरी दे.”

“मला ती आवडते म्हणून!” वेंडेलीन ओरडलाच. “आवडते. आणि सगळे हसत असताना मी भित्र्यासारखा उभा राहिलो. हसायचं तर मला हसा.”

पण कोणी हसलं नाही. उलट काकूंचाच चेहरा जरा ओशाळल्यासारखा झाला.

“हसण्यात माझाच आवाज मोठा होता,” त्या म्हणाल्या. मग चिमटा त्याच्यावर रोखला. “पण आम्हाला काय सांगतोस? तिला सांग. आणि बाजूला हो, रांग खोळंबलीय.”

तो वळला, तर मारलेन गल्लीच्या मध्यभागी उभी होती. केसांवर बर्फ पडत होता. चार दिवसांत ती पहिल्यांदाच समोरच्या बाजूने बाहेर आली होती, आणि सगळी रांग तिच्याकडे बघत होती. कानांपासून मानेपर्यंत तिला गरम वाटत होतं.

“ऐकलं मी,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काय... मलाही.” हे तिने इतक्या हळू म्हटलं की म्हातारीने पुन्हा तक्रार केली. मारलेनने डोळे मिटले. “मलाही तो आवडतो, आजी! झालं समाधान?”

“झालं,” आजी म्हणाली. “आता रांगेत उभे राहा दोघं.”

ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्याने तिचा हात धरला तेव्हा पुढची चार माणसं वळून बघत होती. मारलेनला अजून लाज वाटत होती, फार वाटत होती. पण तिने हात सोडवून घेतला नाही.